तीन ते तीन वाजून दहा

लुतंदुला बाबाच्या अंगणात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. आंब्याखाली बायका, कुंपणाला टेकून सरोवरावरचे कोळी, आणि सगळ्यांचे डोळे एका काळ्या फळ्यावर. फळ्यावर आधी रोग्याचं नाव, पुढे बाबानं फुंकर घातली ती वेळ, त्यापुढे ताप उतरला ती वेळ. ताप उतरला की घरच्यांनी फोनवर संदेश पाठवायचा आणि बाबाच्या बायकोनं त्यातली वेळ खडूनं लिहायची. ९:०० – ९:१५. ३:०० – ३:२०. मलेरियाचा ताप पंधरा मिनिटांत पळाला होता आणि लोक तो आकडा एकमेकांना पुन्हापुन्हा वाचून दाखवत होते.

सगळ्यात वर चौकट आखून लिहिलं होतं: शिजा, ३:०० – ३:१०.

शिजा म्हणजे माझ्या जावेचा, न्यांझालाचा मुलगा. ती चौकट मला बघवत नव्हती, हे लपवून काय करू. पावसाळ्यात माझी मिलेंबे अशीच आजारी पडली तेव्हा मी तिला दवाखान्यात नेलं, ती चार दिवसांनी उठली आणि घरात कुणी हूं की चूं केलं नाही. न्यांझालाची सातवीसुद्धा पुरी झालेली नाही. मी म्वांझा शहरातल्या कॉलेजात शिकले. घरात औषधाचं पाकीट वाचायचं तर मीच वाचायचं. पण शिजाला बाबाचा गुण आल्यापासून सासूबाई माशाचं डोकं, मानाचा तुकडा, न मागता तिच्या ताटात टाकायच्या आणि शेजारणींना सांगायच्या, "शिकून काय होतं? आईला मन असावं लागतं." ते ऐकताना मी मक्याच्या पिठाच्या उगालीचा घास तोंडात तसाच धरून ठेवायचे.

आता मिलेंबे पुन्हा तापली होती. दीड वर्षाची पोर, पाठीला बांधलेली. तिचा श्वास माझ्या मानेवर चुलीच्या वाफेसारखा लागत होता. मी तो मोजत होते, मला तशी खोडच आहे. दवाखान्याचं दार उघडायच्या आधीच नर्सबाईंना हाक मारली होती. त्यांनी रक्त तपासलं, मलेरियाच निघाला. पहिली गोळी तिथंच पाण्यात विरघळवून दिली आणि बजावलं, दुसरी बरोबर आठ तासांनी, ती चुकवायची नाही. दुसरी गोळी माझ्या पदराच्या गाठीत होती.

घरी आले तर सासूबाई दारातच. आता गोळ्याबिळ्या पुरे, बाबाकडे चल. माझा नवरा मासुंगा जाळं दुरुस्त करत खाली मान घालून म्हणाला, एकदा जाऊन तर ये. बाबाचा नियम साऱ्या गावाला पाठ होता: त्याचं मंतरलेलं पाणी घेतलं की गोळी बंद. गोळी दिली तर बाबा पोरीला हात लावणार नाही.

मी गेले. सासूबाईंच्या धाकानं गेले असं सांगितलं तर अर्धंच खरं होईल. शिजाला दहा मिनिटं लागली होती. मला चार हवी होती. मिलेंबेची चौकट शिजाच्या वर हवी होती.

बाबा बाहेर आला. बैलाच्या शेपटीची चवरी हलवत तो म्हणाला, की तापानं त्याचं नाव ऐकलं की तो वाट चुकतो आणि सरोवरात जाऊन बुडतो. लोक हसले. मग त्यानं आवाज चढवला. "दवाखान्याची गोळी आणि माझं पाणी म्हणजे दोन सवती. एका पोटात नांदायच्या नाहीत. कुणाजवळ गोळी असेल तर इथं टाका. आणि फळा बघा. माणूस खोटं बोलेल, घड्याळ बोलत नाही."

बाबा दिवसातून दोनदाच बसायचा, आमच्या हिशोबानं सकाळी तीनला आणि दुपारी नऊला. "नऊ वाजले, रांग लावा," त्याची बायको ओरडली.

माझा हात पदराच्या गाठीवर गेला. मी बोटं मोजली. पहिली गोळी सकाळी एकला. आमचं घड्याळ सूर्याबरोबर उठतं. उजाडून तास झाला की एक. एक आणि आठ, नऊ. म्हणजे दुसरी गोळी आत्ताच द्यायची. खात्रीसाठी फोन काढला. फोनचं घड्याळ आमचं नव्हे, ते मध्यरात्रीपासून मोजतं. तोंडानं नऊ म्हणायचं तेव्हा काचेवर तीन दिसतात. सहा तासांचा हा फरक आम्ही पाळण्यातच शिकतो, इतका की तो करतोय हे ध्यानातही येत नाही. काचेवर तीन होते.

मी फळ्याकडे बघितलं. ३:०० – ३:१०.

न्यांझालानं त्या दिवशी मलाही पाठवलेला संदेश मी पुसला नव्हता. दुखरा दात जिभेनं चाचपावा तसा तो मी रोज उघडायचे. 'शिजा उठून बसला, मासा मागतोय.' खाली वेळ ३:१०. पण फोनवर ३:१० म्हणजे दुपार. आणि बाबानं फुंकर घातली ते तीन तर तोंडाचे, सकाळचे.

न्यांझाला माझ्या शेजारीच उभी होती, चौकटीतल्या पोराची आई म्हणून मिरवत. मी सगळ्यांदेखत विचारलं, "जाऊबाई, हा संदेश पाठवलास तेव्हा ऊन कुठं होतं?"

ती गोंधळली. म्हणाली, "उतरलं होतं की. शाळेतली पोरं घरी येत होती."

"आणि बाबाकडे आला होतात कधी?"

"सकाळी. तीनला."

"मग मधे दहा मिनिटं गेली का?"

लोकांची बोटं हलायला लागली. कुंपणाजवळचा एक कोळी सावकाश म्हणाला, "माझ्या भावाचं ९:०० – ९:१५ लिहिलंय. त्याचा संदेश आला तेव्हा होड्यांचे दिवे पाण्यावर होते. म्हणजे फोनचे नऊ, रात्रीचे. सहा तास झाले की रे."

कुणीतरी बाबाच्या बायकोला विचारलं, की सगळ्यांचं असंच जुळतं का. ती बिचारी खडू झटकत सरळ बोलून गेली. "नाही. रोज पन्नास संदेश येतात. आकडे जुळतात तेवढेच लिहायचे असं सांगितलंय मला. बाकीच्यांची श्रद्धा कमी पडते."

बाबा चवरी नाचवत म्हणाला, शिकलेल्या बाईचा ताप डोक्यात असतो, त्यावर आपल्याकडे पाणी नाही. या वेळी फारसं कुणी हसलं नाही. सासूबाईंनी माझा दंड धरला होता. मी तो सोडवला, खाली बसले, गोळी चमच्यात विरघळवली आणि मिलेंबेच्या ओठांना लावली. तिनं थुंकलं तेव्हा न्यांझालानं तिचं डोकं धरलं.

"सगळं जाऊ दे," ती माझ्या कानाशी म्हणाली. "शिजालाही मी गोळी दिली होती. दुपारी, चोरून. सांगितलं असतं तर आईंनी मला कधी विचारलं असतं का गं? आपल्या घरात विचारतात ते तुलाच."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. इतके दिवस मी तिच्या ताटाकडे बघत होते आणि ती माझ्या.

फळा दुसऱ्या दिवशी उतरवला गेला. बाबा महिनाभरानं दुसऱ्या बंदरावर गेला, तिथं नवा फळा लावल्याचं ऐकते. म्हणून हे लिहिते आहे. दोन वेळा शेजारी लिहून कुणी चमत्कार दाखवला, तर आधी विचारा, दोन्ही एकाच घड्याळातल्या आहेत का. मग मधले तास बोटांवर मोजा, आणि मधे रोग्याच्या पोटात काय गेलं तेही विचारा. मग फळ्यावर न आलेली नावं मागा. एवढ्याला कॉलेज लागत नाही. मला तर शहाणपणही नव्हतं, नुसता मत्सर होता. बेरीज तरी बरोबर आली.

मिलेंबेचा ताप पहिल्या गोळीनंतर बत्तीस तासांनी उतरला. तरी उरलेल्या सगळ्या गोळ्या मी वेळेवर दिल्या. बत्तीस तासांना कुणी चौकट आखत नाही. माझी पोर तेवढ्या वेळात बरी झाली.