उजव्या पायाचे बूट

यार्डमास्तर नाकावर माशी बसू देत नसत. आघाडीवर जाणारी प्रत्येक मालगाडी त्यांच्या देखरेखीखाली जोडली जाई: तोफगोळे, पीठ, बँडेज, घोड्यांचा चारा. गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली, तर त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे.

लढाईच्या पहिल्याच वर्षी बुटांना पाय फुटले. इथून हजार जोड भरावेत, तर तिकडे सहाशे उतरत. मग मास्तरांनी युक्ती काढली. डावे बूट एका डब्यात, उजवे दुसऱ्यात, आणि दोन्हींच्या मध्ये निदान दहा डबे.

"चोरा म्हणावं आता," ते हमालांना म्हणाले, "एका पायाच्या बुटाचं काय लोणचं घालणार आहात?"

चोरी थांबली. मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली, सगळ्या यार्डांना तीच पद्धत लावून दिली. मास्तर आठवडाभर हवेत होते.

त्यांचा जावई आघाडीवर होता. हिवाळा लागला तसं त्याचं पत्र आलं: बुटांचे तळ गेलेत, दिवसभर गार चिखलात उभे असतो, बोटं काळी पडायला लागलीत. मुलगी माहेरीच होती. तिने मास्तरांच्या मागे धोशा लावला.

"बाबा, बूट कधी जाणार?"

"मंगळवारी. त्याच्याच पलटणीचे आहेत. डब्यांना सील मी स्वतः लावणार."

मंगळवारी गाडी सुटायला दहा मिनिटं असताना तपासनीस धावत आला. "मास्तर, अकरावा डबा काढावा लागेल. चाकाला तडा गेलाय."

अकराव्या डब्यात डावे बूट होते. माल दुसऱ्या डब्यात भरायला दोन तास लागले असते, आणि त्याच गाडीत तोफगोळे होते, ज्यांच्यासाठी सकाळपासून फोन खणखणत होता. मास्तरांनी घड्याळ पाहिलं आणि हिरवा बावटा दाखवायला सांगितला.

"डावे उद्याच्या गाडीला जोडा," ते म्हणाले.

बुधवारी पहाटे शत्रूच्या विमानांनी वाटेतल्या नदीवरचा पूल पाडला. चोवीस दिवस पलीकडे काहीच गेलं नाही. डावे बूट यार्डातच पडून राहिले. मुलीने विचारलं तेव्हा मास्तर "बूट गेले" एवढंच म्हणाले.

पुढचं पत्र इस्पितळातून आलं. मास्तर चहा घेत होते, मुलगी मोठ्याने वाचत होती.

"'बूट आले, पण झाडून सगळे उजव्या पायाचे. आम्ही दिवसभर ढीग उपसून डावा शोधत होतो. डाव्या पायात उजवा कोंबून पाहिला, पण पाऊल टाकवेना. उजवा पाय ठणठणीत आहे. डाव्याची तीन बोटं काल डॉक्टरांनी काढली.'"

तिला रडू फुटलं. मग ती भडकली.

"मेल्यांना एक जोड एकत्र बांधता येत नाही? कुणाच्या डोक्यातून निघतं हो असलं, बाबा?"

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"माझ्या."

तिला वाटलं, बाबांनी प्रश्न नीट ऐकलाच नाही. तिने डोळे पुसले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.