पुतळीमावशीने ठेवून घेतलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना, तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा आहे. माझ्या झाकणावर 'रूथ' असं नाव कोरलेलं आहे. पेणच्या बाजारात भांडीवाल्याने ते कोरलं तेव्हा मी नवा कोरा होतो आणि रूथबाई नुकत्याच नर्स झाल्या होत्या. आता माझी कडी सैल झाली आहे आणि त्यांचे गुडघे कुरकुरतात.

रूथबाई निवृत्त झाल्या, मला मात्र कुणी निवृत्ती दिली नाही. रविवारी चर्चमधून आल्या की त्या पदर खोचून स्वयंपाकाला लागत. मला भरत आणि झाकणावर हात ठेवून म्हणत, "प्रभू, हे ज्याच्या मुखी लागेल त्याला बळ दे." मग मिनीडोअर रिक्षात बसून आम्ही कुणा आजाऱ्याकडे निघायचो. एकदा कासू गावात कुणीतरी विचारलं, "बाई, धरम सांगायला आलाव काय?" "नाही हो, वालाची भाजी द्यायला आले," म्हणत त्या हसल्या. पण ते शब्द त्यांना लागले. तेव्हापासून त्या कुणालाही दुसऱ्यांदा आग्रह करत नसत.

कासूजवळच्या खाडीकडच्या गावात पुतळीमावशी एकटी राहते. तिचा सगळा जन्म मिठागरात गेला. तापाने ती खंगली, तेव्हा रूथबाई मला तिच्याकडे नेऊ लागल्या. रविवारी मला ठेवून जायच्या, गुरुवारी परत न्यायला यायच्या. मावशीने मला कधी रिकामा पाठवला नाही. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, ही तिच्या घरची रीत. कधी शेवग्याच्या शेंगा, कधी चिंचेचा गोळा, कधी सुकट. त्या सुकटीचा वास घासूनसुद्धा जायचा नाही, पण मला तो आवडायचा.

मग मावशीला अंगणात जाणंही जमेना. एका गुरुवारी तिने मला धुतलं आणि घरभर पाहिलं. शेंगा नव्हत्या, चिंच नव्हती. मिठाचं मडकंसुद्धा खरवडून झालेलं. इतक्यात रूथबाई दारात आल्या. मावशीने मला पटकन कणगीमागे सरकवलं.

"डबा शेजारी गेलाय गो बाय, मंग पाठवते. आनि आता जेवन आनू नको. माजं मी रांधते. मना जमतं."

रूथबाईंचा चेहरा उतरला. गावात कुणी काही बोललं असेल, आपल्या हातचं आता नको असेल, असंच त्यांना वाटलं असणार. "बरं मावशी," एवढंच म्हणून त्या गेल्या. मी कणगीमागे तडफडत होतो. अहो, दोघीही चुकताय! पण डब्याचं कोण ऐकतं?

त्यानंतर शेजारच्यांनी आणून दिलेला रेशनचा तांदूळ शिजवायला घेताना मावशी आधी त्यातली मूठ माझ्यात टाकायची आणि उरलेल्याची पातळ पेज प्यायची. "भरला का पाठवीन, मंग बायला बोलावीन," असं पुटपुटायची. माझं पोट भरत होतं आणि तिचं खपाटीला जात होतं. मला झाकण घट्ट लावून घेता आलं असतं तर!

मी काठोकाठ भरलो तेव्हा शेजारची किमया मला पेणला घेऊन आली. "मावशीने दिलाय. तिला उठवत नाय," ती म्हणाली.

रूथबाईंनी एकेक कप्पा उघडला. सगळीकडे तांदूळच. "अगं, हे तर तिच्या तोंडचं," म्हणून त्या रडू लागल्या. मग त्यांनी त्याच तांदळाची पेज करून माझ्यात भरली. झाकणावर हात ठेवला, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून प्रार्थना फुटेना.

आता आम्ही मावशीच्या उशाशी आहोत. रूथबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आहे. चमचा ओठांना लागतो आणि पेज गालावरून ओघळते. मी भरलेला आहे आणि माझा काही उपयोग नाही. ती उठेल की नाही, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमचा डबा कुणाकडून परत आला नाही, तर रुसून घरी बसू नका. नको म्हणणाऱ्याच्या दारी एकदा तरी पुन्हा जा. आम्हा भांड्यांना सगळं कळतं, पण बोलता येत नाही.

मघाशी मावशीने डोळे किलकिले केले होते. मला पाहून तिने विचारलं, "बाय, रिकामा नाय ना गेला?"