मी, काडीवरचा हात

मला स्वतःचा आवाज नाही. आपली कहाणी सांगायला बसलो खरा, पण माझं काही कुणाला ऐकूच येत नाही, ही माझी पहिली रड.

माझं नाव एलएफओ, म्हणजे दुसऱ्या आवाजांना हलवणारी एक संथ लाट. हिरामणच्या लॅपटॉपमध्ये एक सिंथेसायझर आहे, आवाज घडवणारं वाद्य, म्हणजे नुसता पडद्यावरचा, ना लाकूड ना तारा. त्याच्या खालच्या कोपऱ्यात मी राहतो. मी फक्त वर-खाली होतो, तेही इतक्या सावकाश की माणसाच्या कानाला पत्ता लागत नाही. पण मला दुसऱ्या आवाजाला जोडलं की तो जिवंत होतो. सुराला जोडलं तर सूर थरथरतो. आवाजाच्या लहान-मोठेपणाला जोडलं तर आवाज जवळ येतो, लांब जातो. फिल्टरला जोडलं तर कुणीतरी तोंड उघडून मिटतंय असं वाटतं. राबायचं मी आणि वाहवा त्या आवाजाची, असा हा संसार.

हिरामण सुरगाण्याकडचा. नाशिकला गंगापूर रोडवर एका खोलीत बसून तो जाहिरातींना आणि लग्नाच्या डीजेला लागणारे आवाज बनवतो. कामं देणारा कुंदनशेठ यायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि ठरलेलं वाक्य टाकायचा, "भाऊ, जरा घुमव ना याला!" की हिरामण माझी लाट चौकोनी करून मला खर्जातल्या बेसवर बसवायचा. मी आपटत राहायचो. नाचणाऱ्यांना काय, पाय हलल्याशी मतलब. आपला जन्म यासाठीच, असं मी धरून चाललो होतो.

मग हिरामणची आई गेली. फुलाबाई. लॅपटॉप आणि त्याला जोडायचा छोटा कीबोर्ड पाठीवर टाकून तो गावी निघाला आणि त्याच्याबरोबर मीही.

त्याचे वडील चंदरबाबा थाळ वाजवायचे. काशाची थाळी, तिच्या मधोमध मेणाने उभी चिकटवलेली काडी. दोन्ही हातांच्या बोटांनी ती काडी आळीपाळीने वरून खाली ओढत राहायची. थाळी घुमू लागते, त्या घुमण्यावर कथा सांगायची. माणूस गेलं की ही कथा त्याला पूर्वजांपर्यंत वाट दाखवते, गेलेला जीव थाळीच्या आवाजामागे चालत जातो, असं त्यांच्या घरात मानतात. फुलाबाईने अंथरुणावरून नवऱ्याला बजावलं होतं, "माझी वाट तूच सांगायची. दुसऱ्याची नको मला."

पण चंदरबाबांचा उजवा हात अर्धांगाने गेलेला. जीभ शाबूत, हात लुळा. हिरामणने काडी ओढून पाहिली. थाळी नुसती किंचाळली. ते शिकायला वर्षं जातात आणि आईचं कार्य तर तोंडावर आलेलं.

"बा, मी मशीनवर करतो," हिरामण म्हणाला.

चंदरबाबांनी लुळा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "कर."

पडवीत आम्ही कामाला बसलो. हिरामणने थाळीसारखा घुमणारा आवाज बनवला, मला त्याला जोडलं आणि माझा आकार हाताने काढला, सावकाश खाली उतरणारा आणि झटकन वर येणारा, बोटांसारखा. दुसरा हात हवा म्हणून माझ्यासारखाच आणखी एक घेतला आणि त्याला माझ्यापेक्षा अर्धी फेरी मागे ठेवलं. चंदरबाबा डावा हात हवेत ओढून दाखवायचे आणि नाक मुरडायचे.

"लय सारखं येतंय. मानूस दमतो. त्याला बी दमव की."

मग हिरामणने तिसरा एक आणला, सगळ्यांत संथ. त्याचं काम आवाज हलवायचं नव्हतं, माझा वेग हलवायचं होतं. मी कधी रेंगाळू लागलो, कधी सावरू लागलो. आयुष्यात पहिल्यांदा मला दम लागला आणि खरं सांगतो, त्याचा मला फार आनंद झाला. चंदरबाबांनी डोळे मिटले.

"हां. आता हात हाय."

मग ते म्हणाले, "एक ध्यानात ठेव. हात सुटला का आवाज सुटला पायजे. सांगणाऱ्याला हुंदका आला, तर थाळ बी गप. सावरायचं आन् मग पुढं. बोलाबिगर थाळ वाजवायचा नाय."

हिरामणने पेटीसारख्या पट्ट्यांच्या त्या कीबोर्डवरचं चाक दाखवलं. "हे वर केलं का वाजतं, खाली आणलं का बंद. माझा हातच हाय ना बा त्याच्यावर."

कीबोर्डवर अशी दोन चाकं असतात. त्यातलं एक सोडलं की आपोआप जागेवर येतं. हिरामणने दाखवलेलं हे मात्र येत नाही. जिथे सोडाल तिथेच राहतं. हिरामणला हे ठाऊक नव्हतं थोडंच! रोजची हाताखालची वस्तू. पण रोज काही त्याला ते चाक सोडून रडावं लागत नव्हतं.

कार्याच्या दिवशी, ऊन उतरल्यावर, अंगणात माणसं बसली. चंदरबाबांनी कथा लावली आणि मी हलू लागलो. कथेत फुलाबाई घरातून निघाली, ओहोळावर आली, नागलीच्या शेताच्या बांधाने चालली. सगळे हुंकार देत होते. मी इतका चांगला कधीच हललो नव्हतो. पुढे डोंगराचं ते वळण आलं, जिथून ती नवी नवरी होऊन उतरली होती. तिथे तिने मागे वळून घराचा निरोप घ्यायचा आणि मग पुढे जायचं.

चंदरबाबांचा आवाज तिथे अडकला. ओठ हलत होते, शब्द येईना. ते बघून हिरामणचा बांध फुटला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

चाक तसंच वर राहिलं. मी चालत राहिलो. कथा गप्प आणि मी आपला पुढे, पुढे. मला कोण सांगणार की थांब? बघून-ऐकून आपणहून थांबणं मला जमत नाही. वर-खाली होण्यापलीकडे मला काही दिलेलंच नाही.

चंदरबाबांची बहीण कुसाबाई ओरडली, "आरं बंद कर ते! ती आवाजामागं निघून जाईल ना! कुठं जाईल ती?"

हिरामणने दचकून चाक खाली आपटलं. फार उशीर झाला होता. चंदरबाबांनी डाव्या हाताने कोपऱ्यातली थाळी जवळ ओढली, तिच्यावरची काडी उपटली आणि चुलीत टाकली.

"कथा मोडली," एवढंच म्हणाले.

नाशिकला परतल्यावर हिरामणने मला पुन्हा उघडलं. मला त्या दुसऱ्या चाकाला जोडलं, सोडताच जागेवर येणाऱ्या. मग घरी फोन लावला.

"बा, आता थांबतं. हात सोडला का लगेच थांबतं."

पलीकडून चंदरबाबा म्हणाले, "आता कोनासाठी?"

कुंदनशेठ अजून येतो. मागे त्याने माझ्या हातचा तो थाळीचा आवाज चुकून ऐकला आणि हरखून गेला. हिरामणने लॅपटॉप मिटला. कुणी नसलं की मात्र तो मला उघडतो, चाक वर करतो आणि सोडतो. मी थांबतो. पुन्हा वर करतो, पुन्हा सोडतो. मी पुन्हा थांबतो.

फुलाबाई, तुला माझं ऐकू येत असेल तर एवढं कर. जिथे असशील तिथेच उभी राहा. माझ्यामागे येऊ नकोस गं बाई, मला वाट ठाऊक नाही.