फाटकावरचा माणूस

विद्यापीठाच्या ग्रंथालयात फाटकी पुस्तकं शिवणाऱ्या बाईंना सगळे बाइंडरबाई म्हणत. निवृत्तीला चार महिने उरले होते. दाभणानं बोटांची टोकं इतकी निबर झाली होती की गरम कप धरला तरी कळायचं नाही. मनाचंही तसंच झालंय, असं त्यांना अधूनमधून वाटे. त्याचं वाईटही वाटत नसे.

एका दुपारी त्यांची भाची, म्हणजे मोठ्या भावाची मुलगी, धापा टाकत आली. मुख्य इमारतीच्या पायऱ्यांवर मुलं नऊ दिवस ठाण मांडून बसली होती. दूर कुठंतरी युद्ध चाललं होतं, आणि त्यातल्या शस्त्रांवरचं संशोधन याच विद्यापीठात होत होतं. ते बंद करा, एवढंच मुलांचं म्हणणं.

"आत्या, तू चल आणि बोल. तुमच्या वेळच्या आंदोलनाचं सांग. बाबाच येणार होते, पण त्यांचा गुडघा."

"मला भाषण येत नाही."

"नसू दे. चार शब्द सांग. पोरं पेंगुळलीत."

बाईंनी हातातलं पान दाबाखाली ठेवलं, हात पुसले आणि निघाल्या. नाही म्हणायलाही जोर लागतो, तो त्यांच्यात नव्हता.

पायऱ्यांवर साठ-सत्तर मुलं होती. भाचीनं हौसेनं ओळख करून दिली, टाळ्या पडल्या. बाई उभ्याच राहिल्या आणि पुस्तकांची यादी वाचावी तशा बोलू लागल्या.

"एक्केचाळीस वर्षांपूर्वी आम्हीही इथंच बसलो होतो. युद्ध दुसरं होतं. आमच्यात दम्याची एक मुलगी होती, तिचं औषध कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही ते लिहून ठेवा. काय मिळालं की उठायचं, हे आम्ही ठरवलं नव्हतं. रोज एक मागणी वाढायची. जो जास्त ओरडेल तो पुढारी."

मुलं चुळबुळली. त्यांना स्फुरण हवं होतं, आणि समोर तर वाणसामानाची यादी चालली होती.

"फाटकावर एक पहारेकरी होता," बाई त्याच सुरात म्हणाल्या. "आमच्या सायकली सांभाळायचा. पोलीस येताहेत म्हटल्यावर त्यानं मुलींसाठी मागचं दार उघडून ठेवलं. नंतर तो पुढच्या फाटकावर उभा राहिला आणि आमच्यातल्या एकानं दगड मारला. कानशिलावर बसला. अकराव्या दिवशी तो गेला. त्यानंतर आम्हाला युद्धाबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. सगळे त्याच्याबद्दलच विचारायचे. बरोबरच होतं ते."

"दगड कुणी मारला?" मागून एकानं विचारलं.

"मी पाहिलं होतं. कुणाला सांगितलं नाही. हे बघा, कुणी दगड उचलला की बाकीच्यांनी मटकन खाली बसायचं. उभा राहिलेला एकटा दिसतो. आम्हाला हे सुचलं नाही."

टाळ्या पडल्या नाहीत. परत जाताना भाची सोबत चालत होती. ग्रंथालयाच्या दारापाशी तिनं विचारलं, "आत्या, दगड मारणारे बाबा होते?"

"हो."

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. लहानपणापासून तिनं बापाच्या तोंडून त्या दिवसांच्या शौर्यकथा ऐकल्या होत्या, त्यांत पहारेकरी कधी आलाच नव्हता. बाईंना वाटलं, पोरीला जवळ घ्यावं. पण हात उचललाच गेला नाही.

शुक्रवारी पोलीस आले. धक्काबुक्कीत एका मुलानं कुंडीजवळची वीट उचलली. भाची ओरडली, "बसा!" आणि सगळे जागच्या जागी बसले. तो मुलगा वीट घेऊन एकटाच उभा राहिला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, ओशाळला, वीट खाली ठेवून तोही बसला. पोलिसांनी एकेकाला उचलून गाडीत घातलं, संध्याकाळी सोडलं. डोकं कुणाचंच फुटलं नाही. पुढच्या आठवड्यात विद्यापीठानं शस्त्रांच्या कामाचे करार जाहीर करायचं कबूल केलं. संशोधन काही थांबलं नाही, आणि युद्धही चालूच होतं. पण आता लोक करारांबद्दल विचारत होते.

रविवारी बाई भावाकडे गेल्या. दादा गुडघ्याखाली उशी घेऊन बसला होता. भाची घरात नव्हती. मैत्रिणीकडे राहायला गेली होती.

"तिनं विचारलं मला," दादा म्हणाला.

"मग?"

"म्हटलं, दगड हातातून निसटला."

"निसटला नव्हता."

"माहितीये गं." त्यानं गुडघा चोळला. "तू एवढी वर्षं गप्प का बसलीस?"

"आईसाठी. ती गेल्यावर सवय झाली."

दादानं मान हलवली. मग हळूच म्हणाला, "त्या पहारेकऱ्याचं नाव काय होतं? मी कधी विचारलंच नाही."

बाईंना माहीत होतं. त्यांनी सांगितलं. दादानं ते दोनदा पुटपुटलं, शाळेतलं पोर पाठ करतं तसं. बाई वाट बघत राहिल्या, आता तरी आपल्या आत काही हलेल म्हणून. काहीच हललं नाही. त्यांनी उठून त्याची उशी सारखी केली आणि पाणी आणायला आत गेल्या.