रेघेवाचून सारवण

कार्तिकातल्या शुक्ल द्वितीयेची ती सकाळ. नीरेच्या पाण्यावरून उठलेले धुके शुभ्र होते, विरळ होते, विरघळते होते. जणू जाता जाता रात्रीने आपली तलम शाल काठावर विसरावी आणि सूर्याने ती हलक्या हाताने घडी करून उचलावी. ज्वारीच्या कोवळ्या पात्यांवर दव होते. दवात आकाश होते. आकाशात एकही मेघ नव्हता.

त्या दवधवल प्रकाशात कुरुंदवण गाव न्हाऊन बसले होते. दारोदारी रांगोळ्या उमलल्या होत्या. कुठे अष्टदल कमळ, कुठे शंख, कुठे गोपद्मे, कुठे नुसत्याच ठिपक्यांची नक्षत्रमाला. वाटेने जाणाऱ्याचे पाऊल आपोआप आखडे. भूमीवर जागोजाग कोणीतरी हसून गेले आहे, असे वाटे.

ती भाऊबीज होती. ज्या तिथीला साक्षात काळही आपला पाश खुंटीला टांगतो आणि यमुनेच्या दारी पाहुणा होऊन जेवायला बसतो, ती तिथी. त्या एका दिवशी मृत्यू कोणाचा तरी भाऊ असतो.

गावाच्या पश्चिमेला, शंभूच्या देवळाच्या सावलीत, मार्तंड गुरवाचे लहानसे घर होते. देवाला बेल वाहावा, गाभारा झाडावा, सांजेला दिवा लावावा. एवढेच त्याचे जीवन, आणि तेवढ्यावरच त्याची चूल. पत्नी निवर्तली होती. लेकरू नव्हते. घरापुढे मातीचा एक ओटा होता. ओटा म्हणजे घराचे ललाट. आणि मार्तंडाच्या घराचे ललाट कित्येक वर्षे कुंकवावाचून होते. पोपडे सुटले होते, कड ढासळली होती, भिंतीवर पावसाचे काळे ओघळ वाळून बसले होते.

त्या ओट्यावर एक शपथ होती.

फार पूर्वीच्या एका भाद्रपदात मार्तंडाची आई गेली. धाकटी बहीण आवडा पलीकडच्या तालुक्यात नांदत होती. सांगावा गेला, पण नीरेला पूर होता, वाट बुडाली होती. इकडे दिवस मावळू लागला. वडीलधारी माणसे म्हणाली, आता थांबता येत नाही. आणि मार्तंड मान खाली घालून आईच्या तिरडीपुढे निघाला.

आवडा आली तेव्हा आई नव्हती. ओट्यावर आईला जिथे निजवले होते, तिथे ओल्या शेणाचे ताजे सारवण होते. काळसर, हिरवट, नितळ. आणि त्यावर रांगोळीची एक रेघसुद्धा नव्हती.

सारवलेली भूमी बोडकी ठेवू नये, एक तरी रेघ ओढावी, हे त्या मुलखातल्या प्रत्येक बाईच्या बोटांना ठाऊक असते. रेघेवाचून सारवण एकाच दिवशी राहते. त्या दिवशी घरातून कोणीतरी गेलेले असते.

त्या नितळ, निःशब्द, निर्दय भूमीकडे बघत आवडा म्हणाली होती, “आईला माझ्यासाठी घटकाभर थांबवलं न्हाईस. या ओट्याला पुन्यांदा पाय लावायची न्हाई मी.”

आणि आवडाने शब्द पाळला होता. कितीतरी भाऊबिजा आल्या आणि गेल्या. दोन्ही घरी दिवे लागले, आणि दोन्ही घरी ताटातला एक घास कोणासाठी तरी रेंगाळला.

यंदाच्या श्रावणात मार्तंडाला ताप आला. तापात त्याला माणसे आठवली, आणि माणसे मोजायला एका हाताची बोटेही जास्त झाली. ताप उतरला तेव्हा त्याने हणमा कुंभाराला गाठले. हणमा गाडगी विकायला आवडाच्या गावच्या बाजारात जात असे.

“तिला म्हणावं, भाऊबीजेला ये,” मार्तंड म्हणाला. “एवढंच सांग. जास्त पाल्हाळ लावू नगंस.”

हणम्याला पाल्हाळावाचून बोलता येत नसे. आवडाच्या दारात उभा राहून, तिचे मन द्रवावे म्हणून, त्याने पदरचे दोन शब्द घातले. “दादा लई वाळल्यात, ताई. श्रावणापासनं ताप सोडीत न्हाई. आता काय सांगावं माणसाचं!”

ही गोष्ट मार्तंडाला ठाऊक नव्हती.

त्याला एवढेच ठाऊक होते, की आवडाने सांजेच्या एस. टी.ने येते म्हणून हणम्याजवळ सांगितले आहे, आणि ज्या ओट्यावरून ती विन्मुख गेली, त्याच ओट्याने तिला आधी हसून बघितले पाहिजे. विकत आणावे असे गाठीला काही नव्हते. मग त्याने मागितले ते मातीकडे, माळाकडे, नदीकडे.

देवळाच्या रंगकामातला चुना डेऱ्यात उरला होता. त्याने तो भिजवला, निवळला, वस्त्रगाळ केला, शुभ्रता उजळावी म्हणून चिमूट नीळ घातली, अंगाला लागू नये म्हणून बाभळीचा डिंक घातला. घायपात ठेचून कुंचला केला. नदीकाठची चिकणमाती आणून ढासळलेली कड उभी केली. हणम्याकडून मूठभर गेरू मिळाला; त्याची तांबूस किनार भिंतीच्या पायाशी ओढली. माळावरचे पांढरे शिरगोळे वेचले, उखळात कुटले, फडक्यातून चाळले, आणि वाटीभर रांगोळी झाली. चांदणे कुटून चाळावे तशी.

कुंचला फिरे, आणि भिंत उजळे. कुंचला फिरे, आणि काळे ओघळ पुसत. वर्षे पुसता येत नाहीत. पण भिंतीला ते कोणी सांगितले नव्हते.

शेजारच्या गजरावहिनी कमरेवर घागर घेऊन थबकल्या. “भावजी, वट्याचं लगीन काढलंय का काय? हळद कधी तेवढं सांगा, आहेर घिऊन येते!”

“लगीन न्हाई, वैनी. माहेरवाशीण यायचीय.”

वहिनींचे हसू घागरीसारखे हिंदकळून स्थिर झाले. “आवडाताई? त्या यायच्या?”

“सांगावा धाडलावता. व्हय म्हणलीया.”

“मग भावजी, थोबाडाचा चुना तेवढा पुसा. न्हाईतर ताई म्हणायच्या, ह्यात भिंत कंची आन् भाऊ कंचा?” त्या डोळ्यांना पदर लावीत, हसत निघून गेल्या.

भाऊबीजेच्या पहाटे गजरावहिनी स्वतःच्या माहेरी गेल्या. त्या असत्या, तर त्यांच्या एका दृष्टिक्षेपाने पुढचे सारे टळले असते. पण त्या दिवशी त्या ओट्याकडे बघणारा बाईचा डोळा जवळपास कुठे नव्हता.

देवळातली पूजा आटोपून, दुपार होत आली तेव्हा मार्तंडाने सडा घातला. शेणात माती कालवली, गुडघे टेकले, आणि तळहाताच्या अर्धचंद्राकार फेऱ्यांनी ओटा सारवत सारवत तो मागे सरकत गेला. शेवटचा फेरा पुरा झाला, तेव्हा ओटा ओल्या कासवाच्या पाठीसारखा चमकत होता. काळसर, हिरवट, नितळ.

रांगोळीची वाटी त्याने उचलली, आणि पुन्हा खाली ठेवली.

रांगोळी बाईच्या हातची. या ओट्यावरची पहिली रेघ ओढावी ती माहेरवाशिणीने. तिची जागा तिच्यासाठी राखून ठेवावी. तिने यावे, वाटी उचलावी, आणि स्वतःच्या हाताने हे घर आपले म्हणावे. या विचाराने तो पुरुष मनातल्या मनात मोहरला. वाटी त्याने उंबऱ्याच्या आत, पाटावर, हळदकुंकवाच्या शेजारी मांडली. झेंडूची माळ कोमेजू नये म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळली. आवडा सांजेच्या एस. टी.ने येईल, तेव्हा बांधायची होती. आणि उरलेला चुना वाया का घालवा, म्हणून डेरा घेऊन तो मागच्या परसात तुळशीवृंदावन रंगवायला गेला.

ओटा एकटा राहिला. रिकामा, राखलेला, वाट बघणारा.

आवडाला सांजेपर्यंत धीर धरवला नाही. ती दुपारच्या एस. टी.ने आली.

ऊन डोक्यावर होते. गाव ताटांवर बसले होते; गल्ली निर्मनुष्य होती. हातात करंज्यांचा डबा घेऊन ती चालत होती, आणि चालता चालता शब्द जुळवीत होती. म्हणायचे, तुझ्या दुखण्यापायी आले. म्हणायचे, अंगणातच ओवाळीन, वट्यावर चढायची न्हाई. म्हणायचे, शपथ ती शपथ. शब्द कठोर होते, आणि पावले धावत होती.

दारोदारी कमळे. दारोदारी शंख. दारोदारी गोपद्मे.

ती देवळाला वळसा घालून आली, आणि तिला ओटा दिसला.

ताजे सारवण. ओले सारवण. नितळ, निःशब्द, निर्दय. आणि त्यावर रेघ नव्हती.

भिंतीची शुभ्रता तिला दिसली नाही. गेरूची किनार तिला दिसली नाही. आषाढातली वीज जशी क्षणात सारे रान दाखवते आणि सारे रान हिरावून नेते, तशी ती एक न ओढलेली रेघ तिच्या डोळ्यांत लखलखली, आणि मग काहीच उरले नाही. ऊन उरले नाही, गाव उरले नाही, मागची वर्षे उरली नाहीत. तोच ओटा. तेच सारवण. तेच उशिरा येणे.

डबा हातातून सुटला. करंज्या मातीत विखुरल्या, आणि त्यांचा आवाज तिने ऐकला नाही.

कंठात स्वर होता, पण स्वराला वाट नव्हती. देवळावरचे पारवे गप्प झाले, की तिचे कान गप्प झाले, कोण सांगेल! शपथेचे पाऊल केव्हा उचलले गेले, तिला कळले नाही. ती ओट्यावर चढली; ओल्या भूमीवर पाय सरकला; ती गुडघ्यांवर कोसळली, दोन्ही तळहात सारवणात रुतले, आणि तेव्हा तो स्वर फुटला.

“दादाऽऽ! तू बी थांबला न्हाईस रं!”

परसात कुंचला मार्तंडाच्या हातातून गळून पडला.

ही हाक त्याने पूर्वी कधी ऐकली नव्हती. त्या भाद्रपदातल्या सांजेला आवडा रडली नव्हती. तिने शपथ घेतली होती आणि ती परतली होती. तेव्हा अश्रूंत भिजायचे ते सारे दगड होऊन तिच्या छातीत राहिले होते, आणि आज तो दगड दुभंगला होता. भिंतीपलीकडे उभा राहून तो थिजला. मग धावला.

घराच्या कोपऱ्यावरून जे आले, ते पाहून आवडाची दुसरी किंकाळी ओठांवरच गोठली. पांढरे केस, पांढरे कपाळ, पांढऱ्या पापण्या, पांढरे हात. भर दुपारच्या उन्हात एक धवल, मूक, थरथरती आकृती. ती मागे सरली. पाठ भिंतीला लागली.

“आवडे, अगं, मी हाय!”

ती बघत राहिली.

“जित्ता हाय गं. चुना हाय ह्यो.” आणि ती तरीही बघतच आहे असे पाहून तो आर्जवाने म्हणाला, “हात लावून बघ की.”

तिने शेणाने भरलेला हात पुढे केला. गालावर टेकवला. गाल उष्ण होता. पांढऱ्या चुन्यावर पाच हिरवट बोटे उमटली, आणि त्या बोटांखाली रक्त वाहत होते, चालत होते, थांबलेले नव्हते.

“मेल्या!” तिच्या तोंडून निसटले. “असं सारवून ठिवत्यात व्हय?”

आणि तो शब्द कानी पडताच ती स्वतःच दचकली; तोंडावर हात घेतला; तोंडही माखले. दोघे भाऊबहीण क्षणभर त्या एका शब्दाकडे, साप आडवा जावा तसे, बघत राहिले.

“का रं न्हाई ओढलीस रेघ?” तिचा स्वर आता उंदरासारखा बारीक झाला होता. “एक रेघ, दादा. नुसती एक रेघ.”

तेव्हा मार्तंडाने ओट्याकडे पाहिले. या सबंध आयुष्यात पहिल्यांदा त्याने सारवण वाचले. जे त्याने आमंत्रण म्हणून लिहिले होते, ते आपल्याच बहिणीने काय म्हणून वाचले, हे त्याला उमगले. आणि त्याबरोबर त्या भाद्रपदातल्या ओट्यावर तिने काय वाचले होते, तेही. तो उंबऱ्यावर बसला.

“तुझ्यासाठी ठिवली हुती,” तो म्हणाला. “म्हणलं, आवडी यील. तिच्या हातनं पडंल पहिली रेघ.” पाटावरच्या वाटीकडे त्याने बोट केले. “थांबलोय, आवडे. या खेपेला थांबलोय.”

जो शब्द आवडाने इतकी वर्षे मागितला नव्हता, तो असा अवचित पदरात पडल्यावर तिला तो कुठे ठेवावा कळेना. अश्रू आले, तेही विस्मित होऊन आले; गालावर उतरायचे विसरून पापणीच्या काठाशी उभे राहिले.

मग ती उठली. वाटी घेतली. दोन बोटांच्या चिमटीतून शिरगोळ्याची शुभ्र धार सुटली आणि भूमीवर एक रेघ उतरली. वाकडी, कापरी, मध्ये तुटलेली. ती थांबली, श्वास घेतला, तुटले तिथून पुढे ओढली. पारवे पुन्हा घुमू लागले.

“तू पडलीस तिथं उखणलंय,” मार्तंड शेणाचा गोळा घेऊन वाकला. “हात फिरवतो. नीट हुईल.”

तिने त्याचे मनगट धरले.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “कळू दे वट्याला, कोण आलंवतं ते.”

त्याने गोळा बाजूला ठेवला. दोघे मातीतल्या करंज्या वेचू लागले. फुंकर मारून, धूळ झटकून, एकेक.

सांज उतरली. नीरेवर पुन्हा धुके आले. आवडाने भावाला ओवाळले आणि ताटातली पणती ओट्याच्या कडेला ठेवली. ओली माती वाळत होती; वाळता वाळता दोन गुडघे, दोन तळहात, दहा बोटे घट्ट धरून ठेवीत होती. ज्योत हलली. तिचा प्रकाश सारवणावरून वाहत गेला, त्या दोन तळहातांच्या खळग्यांत उतरला, आणि तिथे, ओंजळीत पाणी साचावे तसा, हळूहळू साचत राहिला.