कंडेन्सरमागचा आवाज

आखाडा बाळापुरात चांगला आवाज म्हणजे बेस. खिडकीच्या काचा हादरल्या नाहीत तर अॅम्प्लिफायर भंगारात काढायच्या लायकीचा. जळबांच्या घरचा अॅम्प्लिफायरही गावातल्या मिस्त्रीनं असाच ‘भरदार’ करून दिला होता. म्हणजे काय, तर आवाजाच्या वाटेवर एक जादा कंडेन्सर टाकून वरचे बारीक सूर गिळून टाकले होते. ढोलकी धमधमायची, जळबांचा गळा घुमायचा आणि बाकी सगळं गोधडीखाली जायचं.

जळबा म्हणजे गायन पार्टीचे मुख्य गायक. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. रविवारी त्यांच्या आठवणीत कार्यक्रम होता आणि त्यांच्या बायकोला, कमलबाईला, साडी द्यायचं ठरलं होतं. गायकाची बाई म्हणून. ते सांगायला पार्टीचे पेटीवाले रत्नपाल घरी आले होते.

"माय पण गायची की, काका," लेक करुणा म्हणाली.

"वैनी मागं बसून टाळ्या वाजवायच्या," रत्नपाल हसले. "पार्टीची जुनी कॅसेट हाय ना? लाव. दाव कुठं हाय आवाज."

करुणानं कॅसेट लावली. आईचा आवाज त्यात कुठंच नव्हता. कमलबाई कपबश्या उचलून आत गेली, आणि करुणाच्या अंगाची लाही लाही झाली. आईचं गाणं तिनं लहानपणी कानानं ऐकलं होतं. ते काय स्वप्न होतं?

"शनिवारी या काका," ती म्हणाली. "मंग बोलू."

करुणा शाळेत विज्ञान शिकवायची, आणि सोल्डरिंगला तिचा हात बसलेला होता. तिनं अॅम्प्लिफायर उघडला. भाऊ प्रमोदचं मोबाइलचं दुकान. तो लगेच अंगठ्याएवढा कंडेन्सर घेऊन हजर.

"ताई, हा टाक. दहापट मोठा हाय. बेस कसा मारतो बघ!"

माप मोठं की आवाज चांगला, हे म्हणजे मोठी चप्पल घातली की माणूस उंच होतो म्हणण्यासारखं.

"मला बेस न्हाई पायजे."

"मंग लोक काय ऐकतील?"

"मायला ऐकतील."

मिस्त्रीचा जादा कंडेन्सर तिनं सरळ कापून फेकला. गाण्याच्या वाटेवरचे जुने, सुकलेले कंडेन्सरही काढले आणि त्यांच्या जागी नांदेडहून आणलेले, प्लास्टिकच्या फिल्मचे बसवले. माप तेच ठेवलं, जात बदलली. प्रमोद म्हणाला, वाया गेला अॅम्प्लिफायर. करुणानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शनिवारी संध्याकाळी रत्नपाल आले. कॅसेट सुरू झाली, तसं त्यांनी नाक मुरडलं. "काय करून ठेवलंस पोरी? आवाज पातळ झाला."

"गप ऐका, काका."

पेटी स्वच्छ वाजत होती. टाळ्या एकेक वेगळ्या कळत होत्या. दुसऱ्या कडव्यात जळबांचा दम तुटला, आणि तिथंच एका बाईनं ओळ उचलली. वरच्या पट्टीत, न डगमगता, शेवटापर्यंत नेली. जळबा परत आले ते तिच्या सुरावर. रत्नपाल चहा प्यायचं विसरले.

"व्हय," ते हळूच म्हणाले. "वैनीच हायेत. मी बाजूलाच होतो की." बाजूला बसूनही विसरले होते, ते त्यांचं त्यांनाच लागलं. मग घाईनं सावरत म्हणाले, "उद्या हीच कॅसेट लावू. वैनीला साडी नेसवून ष्टेजवर बसवू. सगळ्यांना सांगू."

करुणाचा ऊर भरून आला. आपण जिंकलो, असं तिला वाटलं.

कमलबाई दारात उभी होती. ती पुढं आली आणि तिनं टेपचं बटण दाबलं. गाणं बंद पडलं.

"कॅसेट काहून लावता, भाऊजी? गेलेल्या माणसाची लावतात. मी जित्ती हाय."

रत्नपालांनी हातातला कप खाली ठेवला.

"साडी ठेवा तुमच्यापाशी," कमलबाई म्हणाली. "उद्या पेटी घेऊन या. काळी चारची पट्टी धरा, आन् माइक माझ्याकडं द्या."