फळीवरचे मीठ

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. माझ्या कपाळाचा रंग उन्हाने उडाला आहे. हौद्याच्या लोखंडाला मात्र मेंढरांच्या लोकरीचा वास अजून आहे. तो जाऊ नये, एवढीच इच्छा आता माझ्यापाशी उरली आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. इंजिनात पहिल्यांदा डिझेल उतरले तेव्हा माझ्या छातीतून एक घोगरा, घुमणारा आवाज निघाला. तो आयुष्यभर आपलाच राहील, असे मी धरून चाललो होतो. पुढे कित्येक वर्षे मी सिमेंट वाहिले, विटा वाहिल्या. मालक बदलत गेले. शेवटच्या मालकाने मला भूम गावच्या रस्त्याकडेला उभे केले आणि काचेवर चुन्याने लिहिले, 'विकणे आहे'. माझ्या सावलीत कुत्री निजत. माणसे थांबत नसत.

थांबले ते धुळाप्पा. मेंढरांमागे चालून चालून पावले झिजलेले धनगर. त्यांनी माझे बॉनेट उघडले नाही. जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा मडगार्डवर तळवा ठेवला आणि मुलाला, शिवराजला, म्हणाले, "चालू कर बरं. आवाज बघू."

मी सुरू झालो. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

"रवंथ केल्यागत वाजतंय," ते म्हणाले. "मेंढरं भ्यायची न्हाईत."

इतकी मोठी स्तुती माझी कोणी केली नव्हती.

धुळाप्पांची एक रीत होती. सकाळी ते मागचा फाळका उघडत, जमिनीपासून हौद्यापर्यंत रुंद फळी टाकत, तिच्यावर खडेमीठ पसरत आणि मगच मला सुरू करायला सांगत. मीठ आणि माझा आवाज यांची गाठ मेंढरांच्या मनात अशी बसली, की मी नुसता घुमलो तरी रानभर पांगलेला कळप माझ्याकडे वळे. डोळ्यांभोवती काळी कड असलेली काजळी नावाची मेंढी सर्वांच्या पुढे असे. कळप पायी चाले. लंगड्या आणि गाभण मेंढ्या, नुकती जन्मलेली कोकरे माझ्यात बसत. धुळाप्पांची कारभारीण धुरपताबाई एखादे कोकरू पदराखाली घेऊन त्यांच्यातच बसे. मित्रांनो, ट्रक दिसला की लोक बाजूला होतात. माझ्याकडे मात्र कोणीतरी धावत येत होते.

पण मी मंद होतो. बालाघाटाच्या चढावर माझा दम तुटे. मागच्या गाड्यांचे ड्रायव्हर ओरडत, "ओ पाव्हणं, उतरून ढकला की! न्हायतर मेंढरं जुंपा!" शिवराजचे कान लाल होत. त्याला मेंढरांमागे जन्म काढायचा नव्हता. माझ्यावर सोयाबीन, कांदा वाहून स्वतःचे काहीतरी उभे करायचे होते. त्यात त्याचे काय चुकले?

एके दिवशी त्याने मला युवराज मिस्त्रीच्या गॅरेजात नेले. धुळाप्पाही आले होते.

"रेडिएटर नवा घातला तर गरम व्हायचं थांबंल," युवराज म्हणाला. "पाटे बदललं तर धक्कं बसायचं न्हाईत. आन् टर्बो टाकून पंपाचं डिझेल वाढवलं, जुना सायलेन्सर काढून मोकळा बसवला, तर ताकद. एका टायमाला एकच व्हईल. बोल."

मला विचारले असते, तर मी पाटे मागितले असते. प्रत्येक खड्ड्यात गाभण मेंढ्यांना बसणारा हिसका मला कळत होता.

"ताकद," शिवराज म्हणाला.

धुळाप्पांनी चाचरत विचारले, "आवाज त्योच राहील न्हवं?"

युवराज खळखळून हसला. "मामा, आवाज तर आता बघा! भूमला चालू केला की परंड्याला ऐकू जाईल!"

शिवराजही हसला. धुळाप्पांनी मुलाचा उजळलेला चेहरा पाहिला आणि पुढचे शब्द गिळले.

चढ मी एका दमात चढलो. "बघा आप्पा, आता वरडंल का कुणी?" शिवराज स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाला. धुळाप्पा काचेतून मागे पाहत होते. मागे काळा धूर होता.

दुसऱ्या सकाळी फळी पडली, मीठ पसरले गेले आणि मी सुरू झालो. माझ्यातून जे फुटले तो माझा आवाज नव्हता. कळप उधळला. कोकरे आयांना सोडून काटेरी कुंपणात शिरली. काजळी तेवढी दूर थांबली, माझ्याकडे पाहत राहिली आणि पाठ फिरवून गेली.

"व्हईल सवय," शिवराज म्हणाला.

सवय झाली नाही. मी सोयाबीन वाहत राहिलो, आणि माझ्यात बसणारी सगळी आता डांबरावरून चालू लागली. फाल्गुनाच्या उन्हात कोकरे वाटेत बसत आणि पुन्हा उठत नसत. धुळाप्पा दोन खांद्यांवर दोन घेत. खांदे दोनच होते. चैत्रात ते एवढेच म्हणाले, "आता इकून टाकू. माझं पाय ऱ्हायलं न्हाईत."

भूमच्या बाजाराला कळप न्यायचा, तर तो माझ्यात चढायला हवा. शिवराजने कुंपणाशी गंजत पडलेला जुना सायलेन्सर उचलला. युवराजने टर्बो उतरवला, पंप पूर्वीसारखा केला. काम एका सकाळचे होते.

मी सुरू झालो आणि माझा हरवलेला आवाज मला परत मिळाला. धुळाप्पा चटकन उभे राहिले. "आता?" एवढेच ते मुलाला म्हणाले. शिवराजने फाळका उघडून फळी टाकली.

रानाच्या टोकाला काजळीने कान टवकारले. ती धावत आली. तिच्यामागे सारा कळप आला, जणू मधले महिने घडलेच नव्हते. फळी रिकामी होती.

"मीठ टाका की," धुरपताबाई म्हणाली. "बोलीवलंय तर मीठ टाका. इतक्या वर्साचं खोटं करू नगा."

धुळाप्पांनी मीठ टाकले. मेंढरे चाटत चाटत वर चढली. फाळका शिवराजने लावला.

मित्रांनो, जुन्या वस्तूत काय नवे घालायचे, हे जरूर ठरवा. पण आधी थोडे दूर उभे राहून पाहा, तिच्या आवाजाकडे कोण धावत येते.

टर्बो पुन्हा बसवायचे शिवराजच्या मनातून गेले आहे. तो रोज सकाळी मला त्याच जुन्या आवाजात सुरू करतो. रान रिकामे असते. आणि मी घुमू लागलो की धुळाप्पा ओट्यावरून उठतात, आत जातात आणि दार लावून घेतात.